३ टेस्ला एमआरआयमधील पोटावरची सावली आणि डायइलेक्ट्रिक पॅड

३ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) यंत्रावर जलोदर झालेल्या, म्हणजे पोटात पाणी साठलेल्या, रुग्णाच्या पोटाचा एमआरआय काढताना यकृताच्या डाव्या खंडावर अनेकदा काळपट सावली पडते. तो आजार नव्हे. या यंत्रातील सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींची लांबी हवेत सव्वादोन मीटरहून अधिक असली, तरी पाणीदार ऊतींमध्ये ती २६ ते ३० सेंटिमीटरपर्यंत आखडते, म्हणजे जवळपास पोटाच्या रुंदीएवढी होते, आणि काही जागी लहरी परस्परांना छेदून क्षीण होतात. तिथे उच्च पराविद्युतांकाचा (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ध्रुवीकृत होतो याचे माप) पॅड, म्हणजेच डायइलेक्ट्रिक पॅड, ठेवला, तर त्यातील विस्थापन-प्रवाह (बदलत्या विद्युत क्षेत्रामुळे निर्माण होणारे प्रवाह) स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करतात व ती जागा उजळते.

कॅल्शियम टायटनेटच्या मिश्रणाचा पराविद्युतांक ११० च्या आसपास, तर बेरियम टायटनेटचा ३०० च्या आसपास जातो. ३ टेस्लासाठी दुसरेच घ्यावे, कारण पहिल्याचा पॅड फार जाड करावा लागतो. टायटनेटची पूड मास्क लावून, थोडी थोडी घालत, जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असतो) श्रीखंडाइतकी घट्ट कालवावी. साधे पाणी वापरू नये, कारण त्यातील हायड्रोजनमुळे पॅड स्वतःच चित्रात लख्ख उमटतो. जड पाण्याची चौकशी करायची, तर जड पाणी मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरात आहे.

खरी कसोटी सील करण्यात लागते. जड पाणी हवेतील बाष्पाशी हायड्रोजनची अदलाबदल करते, त्यामुळे ठाण्याच्या पावसाळ्यात मिश्रण उघडे ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच. पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत भरून, बुडबुडे काढून, कडा दोनदा उष्णतेने बंद कराव्यात. धातूची क्लिप मुळीच नको.

आधी फॅन्टमवर (रुग्णाऐवजी चाचणीसाठी वापरायच्या नमुन्यावर), वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पॅडसह आणि पॅडविना रेडिओ क्षेत्राचे नकाशे काढावेत, आणि रुग्णालयाच्या परवानगीनंतरच तो रुग्णाच्या अंगावर, कॉइलच्या (संकेत टिपणाऱ्या वेटोळ्याच्या) आत, ठेवावा. पॅड ठेवल्यावर यंत्राचे शक्ती-समायोजन, म्हणजे रेडिओ लहरींची शक्ती ठरवण्याची पायरी, पुन्हा करावे. घाईत हीच पायरी गळते आणि दोष पॅडला दिला जातो. एक जागा उजळताना दुसरी काळवंडू शकते, म्हणून संपूर्ण नकाशा पाहून पॅड सरकवावा. अनेक वाहिन्यांतून प्रक्षेपण करणाऱ्या नव्या यंत्रांवर फायदा कमी दिसतो.

पॅडचे पहिल्या दिवशीचे वजन त्यावरच लिहून ठेवावे आणि दरमहा तोलावे. वजन घटले, तर पाणी उडाले आहे व नवा पॅड करण्याची वेळ झाली आहे.