अमेरिकेची टीम, इंदूरचं घर: संध्याकाळ वाचवायची कशी

क्लायंट न्यूयॉर्कचा आणि तुम्ही इंदूरला, तर पहिल्यांदा घड्याळाचं गणित पक्कं करा. आपली वेळ वर्षभर यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, ती हलत नाही, पण त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं अन् नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं, म्हणजे त्यांची सकाळी 10 ची स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला आणि थंडीत साडेआठला, ऐन जेवायच्या वेळेवर. घरी आधीच सांगून ठेवा. आई ताट वाढून हाका मारतेय अन् तुम्ही म्यूटवर हातवारे करताय हे रोज नाही चालत.

मीटिंगचं कॅलेंडर इन्व्हाइट न्यूयॉर्कच्या टाइमझोनमध्येच बनवायला लावा, आपल्या वेळेत बनवलं तर नोव्हेंबरात तिकडे ती मीटिंग 9 ला सरकते आणि निम्मे लोक गायब. कोडमध्येही हेच लफडं. तिकडे मार्चच्या त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, घड्याळ 2 वरून थेट 3 वर, आणि नोव्हेंबरात 1 ते 2 चा तास दोनदा येतो, म्हणून रात्रीचे जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे प्रोग्राम, शक्यतो यूटीसीवर लावा नाहीतर बिलं दोनदा गेली की फोन तुम्हालाच.

आता खरी गोष्ट, मेसेज. तुम्ही सकाळी नुसतं "एक डाउट आहे" लिहिलं तर ते संध्याकाळी विचारणार "कोणता", आणि दिवस गेला. त्यापेक्षा लॅपटॉप बंद करायच्या आधी असं लिहा: "पेमेंटचं पेज रिव्ह्यूला टाकलंय. रिफंडचं अडलंय, अर्धा चालेल की पूर्णच द्यायचा? उत्तर नाही आलं तर सकाळी पूर्ण धरून पुढे जातो." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण त्यांनी विचार केला नाही तरी तुमची सकाळ मोकळी राहते, फक्त जे परत फिरवता येत नाही, डेटा डिलीट वगैरे, तिथे हे अजिबात करू नका.

विजय नगरला ऑफिस आणि राहणं रामबागेकडे असेल तर सहाला निघा, कॉल घरून घ्या, मॅनेजरला हे जॉइन करतानाच विचारून घ्या, नंतर अवघड जातं. थंडीत कॉल नऊला संपला तरी बिघडत नाही, तेव्हा तर सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गर्दी व्हायला लागते, आणि गराडू (तळलेला कंद) खायचे तेही थंडीतच.

सोमवारची सकाळ मात्र कुणाला देऊ नका. तिकडे अजून रविवारची रात्र असते, कोणी पिंग करत नाही, डोकं लावायचं काम तेव्हाच उरका. आणि त्यांच्या शुक्रवारी संध्याकाळी 5 ला डिप्लॉय (नवा कोड लाइव्ह करणं) ठरत असेल तर तिथेच नाही म्हणा, आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाट असते, उन्हाळ्यात अडीच, थंडीत साडेतीन. गुरुवारी करा म्हणावं.