फुटबॉल क्लबात मुलाचं नाव घालण्याआधीची तयारी

पहिल्या फोनवर ‘फी किती?’ एवढंच विचारलंत, तर मिळणारा आकडा जवळपास नेहमीच अपुरा असतो. त्याआधी घरचं गणित मांडून घ्या. आठवड्यातले कोणते दिवस खरंच मोकळे आहेत, शिकवणीची वेळ काय, ने-आण कोण करणार आणि तो माणूस आजारी पडला तर कोण. मैदान घरापासून अर्ध्या तासाच्या आत हवं. हा अर्धा तास रविवारी सकाळी मोजायचा नाही. सरावाला निघायच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या ट्रॅफिकमध्ये एकदा जाऊन बघा. पुण्याच्या एका टोकाच्या खराडीचा क्लब कितीही चांगला असला तरी दुसऱ्या टोकाच्या कोथरूडच्या मुलाच्या तो कामाचा नाही. तिसऱ्या महिन्यापासून खाडे सुरू होतात आणि भरलेली फी तशीच जाते.

शोध शाळेपासून सुरू करा. शाळा सुटल्यावर तिथेच प्रशिक्षक येत असेल, तर ने-आणीचा खर्च वाचतो आणि फीही बहुधा कमी असते. शिवाय १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा, सुब्रतो मुखर्जी चषक, हे सगळं शाळेच्या संघातूनच खेळायचं असतं. दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या : कुठल्याशा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, शनिवार-रविवारी झालेल्या खासगी स्पर्धेचं प्रमाणपत्र त्यासाठी चालत नाही, मग त्यावर ‘राज्यस्तरीय’ कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो.

शाळेत सोय नसेल तर महापालिकेची मैदानं, तालुका किंवा जिल्हा क्रीडा संकुल आणि मग जिल्हा संघटना असा क्रम ठेवा. राज्यातल्या जिल्हा संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे ‘विफा’शी जोडलेल्या असतात. त्यांच्याकडे एकच प्रश्न विचारा : आमच्या भागातले कोणते क्लब मुलांच्या गटात संघ उतरवतात? दोन-चार नावं मिळतात. कोल्हापुरात चित्र वेगळं. तिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामन्याला गर्दी उसळते, आणि मुलाला आपल्याच पेठेच्या जर्सीचं वेड असतं. पण मोठ्यांचा संघ नावाजलेला आहे म्हणून दहा वर्षांच्या मुलांचा सराव नीट होतोच असं नाही. तिथेही मैदानावर जाऊन बघावंच लागतं. परदेशी क्लबाचं बोधचिन्ह लावलेल्या अकादम्यांचंही तेच. बोधचिन्हाचे पैसे फीमध्ये असतात. मुलासमोर मात्र कोण उभं राहतं, ते त्या चिन्हावरून कळत नाही.

आता पैशाचा हिशेब. दरमहा नाही, वर्षाचा, आणि वहीत मांडा. समजा, पहिला क्लब महिन्याला १,२०० रुपये घेतो. वर्षाचे १४,४०० झाले. त्यात नोंदणी १,०००, किटचे दोन जोड १,८०० आणि चार स्पर्धांचे प्रत्येकी ५०० धरा : एकूण १९,२००. दुसरा क्लब महिन्याला १,८०० घेतो, पण किट आणि स्पर्धा त्यातच, आणि पावसाचे दोन महिने मैदान बंद म्हणून फी नाही. दहा महिन्यांचे १८,०००. महाग वाटलेला क्लब स्वस्त निघाला. आता तास मोजा. पहिल्याकडे आठवड्यातून दोन दिवस एकेक तास, दुसऱ्याकडे तीन दिवस दीड-दीड तास. वर्षात ४० आठवडे सराव झाला असं धरलं, तर ८० तास विरुद्ध १८० तास. म्हणजे तासाला २४० रुपये आणि १०० रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या भागातले आकडे याच चौकटीत भरा आणि पेट्रोल किंवा रिक्षाचे पैसेही त्यात घाला.

बहुतेक वेळा गोची होते ती न सांगितलेल्या खर्चात. जर्सी दरवर्षी बदलते का? बाहेरगावच्या स्पर्धेचा प्रवास आणि राहणं कोणाच्या खर्चाने? पावसामुळे सराव बुडाला तर बदली दिवस मिळतो का? परीक्षेच्या महिन्यात फी थांबवता येते का? मध्येच सोडलं तर किती परत मिळतं? उत्तरं लेखी घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. वर्षाची फी एकदम भरल्यास मोठी सवलत आहे म्हणाले, तरी पहिले तीन महिने महिन्याच्या हिशेबानेच भरा. मुलाचं मन तिथे रमेल की नाही हे तोवर कळतं. फी जड जात असेल तर तसं सरळ सांगा. बरेच क्लब भावंडांना सवलत देतात, हप्ते पाडून देतात, एखाद-दोन मुलांना फी माफही करतात. फक्त याची पाटी कोणी लावत नाही.

यानंतर खरं काम : नाव घालण्याआधी दोन सराव पूर्ण बघा, त्यातला एक न सांगता जाऊन. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा, आपल्या मुलाच्या वयाचा एकच मुलगा निवडा आणि त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागतो ते मोजा. लहान मुलांच्या सरावाची याहून चांगली परीक्षा नाही. बारा मुलं एका रांगेत, पुढे एक शंकू, चेंडू दोन, असा प्रकार असेल तर प्रत्येकाची पाळी मिनिट-दीड मिनिटाने येते आणि बाकीचा वेळ मागच्याला ढकलण्यात जातो. दहा वर्षांखालच्या गटात प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचा चेंडू हवा. एका प्रशिक्षकामागे पंधरा-सोळापेक्षा जास्त मुलं नकोत. सरावाचा निदान तिसरा हिस्सा छोट्या सामन्यांचा असावा, चार विरुद्ध चार किंवा पाच विरुद्ध पाच. आठ वर्षांच्या पोरांना अख्ख्या मैदानावर अकरा-अकरा खेळवणारा क्लब लगेच यादीतून काढा. त्यात दोन दांडगी मुलं खेळतात आणि उरलेली नुसती धावतात. मैदानाला चकरा मारायला लावणं ही शिक्षा म्हणून चालत असेल, तर तीही खूण ओळखा. आणि या वयात डोक्याने चेंडू मारण्याचा वारंवार सराव घेत असतील, तर का, ते विचारा. इंग्लंड-अमेरिकेत लहान गटांसाठी त्यावर निर्बंध आले आहेत.

प्रशिक्षकाकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच नको. ‘डी’ ही खालची पायरी, त्यावर ‘सी’, मग ‘बी’ आणि ‘ए’. दहा वर्षांच्या मुलांसाठी ‘डी’ असलेला, मुलांची नावं पाठ असलेला तरुण उत्तम. मात्र फलकावर ज्याचा परवाना आहे तोच रोज मैदानावर असतो ना, याची खात्री करा. ‘मुख्य प्रशिक्षक’ महिन्यातून एकदा उगवतात आणि रोजचा सराव सतरा वर्षांचा खेळाडू घेतो, हे सर्रास चालतं.

शेवटच्या स्पर्धेबद्दलही विचारा. चषक कोणता जिंकला हे क्लब स्वतःहूनच सांगेल. तुम्ही विचारा, चौदा जणांच्या संघातले किती जण मैदानात उतरले. बारा वर्षांखाली सगळ्यांना खेळायला मिळायला हवं. बाकावर बसायला कोणी फी भरत नाही.

सुरक्षिततेची पाहणी पाच मिनिटांत होते, पण मनावर घ्या. हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट मागून जमिनीला ठोकलेले किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलेले हवेत. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि सुटा पोस्ट पुढे कोसळतो. असे अपघात जगभर झाले आहेत आणि ते जिवावर बेततात. मुरमाच्या मैदानावर वर आलेले दगड आणि काच बघा. प्रथमोपचाराची पेटी उघडून दाखवा म्हणा. पेटीत बर्फाची सोय नसेल तर जवळ कुठे मिळतो, हे तरी त्यांना ठाऊक असावं. टर्फ असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला तो किती तापतो, ते हाताने लावून बघा. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा आहे का, संघ बाहेरगावी जाताना सोबत बाई असते का, हेही विचारा. मुलांशी प्रशिक्षकांचा एकेकट्याने मेसेजवर संवाद नको. निरोप पालकांच्या ग्रुपवरच यावेत.

कागदपत्रं आधीच गोळा करा : जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, पासपोर्ट आकाराचे फोटो, रक्तगट आणि दमा किंवा अ‍ॅलर्जी असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी. जन्मदाखला आणि शाळेच्या नोंदीत तारीख वेगळी असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. वयोगटाच्या स्पर्धांत वय चोरण्याचे प्रकार पुष्कळ होतात, त्यामुळे तपासणी कडक असते आणि खऱ्या वयाचा मुलगाही कागदावरून बाहेर बसतो. अधिकृत सामने खेळायचे असतील तर महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत खेळाडूची क्लबामार्फत नोंदणी होते. एका क्लबाकडून नोंदणी झाल्यावर दुसऱ्याकडून खेळायचं तर रीतसर बदली करावी लागते, म्हणून तीन महिने होईपर्यंत या नोंदणीची घाई करू नका.

सामान कमीच घ्या. आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा चेंडू, साधारण बारापर्यंत चार, पुढे पाच. बूट मैदान बघून : मुरमावर आणि टर्फवर आखूड, पुष्कळ रबरी खुंट असलेला तळ चालतो. कडक जमिनीवर लांब खुंटांचे (स्टडचे) बूट घातले की टाचेवर मार बसतो. आठ ते चौदा या वाढीच्या वयात टाचेचं हाड अजून पक्कं जुळलेलं नसतं आणि पोटरीचा स्नायू ते ओढत असतो, त्यामुळे सरावानंतर मूल लंगडतं. तसं दिसलं तर विश्रांती आणि डॉक्टर. दामटून खेळवू नका. ‘पुढच्या वर्षीही येतील’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घेऊ नका, अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरच्या ढाली, मात्र नवे आणि पायाच्या मापाचे, मोज्याच्या आत घालायचे. बूट जुने चालतात. मुलांचे पाय इतके भराभर वाढतात की क्लबातल्या मोठ्या मुलाचे चार महिने वापरलेले बूट निम्म्या पैशात सहज मिळतात.

पहिले तीन महिने संपताना वही पुन्हा काढा : किती सराव झाले, किती बुडाले, जास्तीचे पैसे कधी मागितले. सोडायचं ठरलं तर महिना संपायच्या आठवडाभर आधी लेखी कळवा, थकबाकी नसल्याची पावती घ्या, आणि मूळ जन्मदाखला चुकून त्यांच्या फायलीत राहिला असेल तर तो त्याच दिवशी परत मागा.