थर्ड बेसवरच्या पोरीला मास्क कसा निवडावा, कसा बसवावा

माझा समोरचा वरचा दात खोटा आहे. खरा तुटला तो जळगावच्या एका मुरमाच्या मैदानात. मी चौदा वर्षांची होते आणि सॉफ्टबॉलमध्ये थर्ड बेसवर, म्हणजे धावायच्या चौकोनाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर, खेळत होते. साधा ग्राउंडर आला, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू, चालत जाऊन उचलावा असा. शेवटच्या टप्प्याला खडा लागला, चेंडू ग्लव्हच्या वरून उसळला आणि थेट तोंडावर आला. सरांनी पाणी मारलं, "खेळाडूला लागायचंच," म्हणाले, आणि पुढची इनिंग मी दातात रुमाल धरून खेळले. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

आता माझी लेक टेक्सासमधल्या प्लेनोत तीच जागा खेळते. मैदानाच्या कुंपणाशी दर शनिवारी कुणीतरी मराठी आई किंवा बाबा विचारतातच, "फील्डिंगला मास्क लागतो का हो? कोच तर काही म्हणत नाहीत." माझं उत्तर एकच: पोरगी इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, उभी राहणार असेल तर लागतो, आणि सामन्याइतकाच सरावातही लागतो. बहुतेक लीगमध्ये तो चालतो, पण सक्तीचा क्वचितच असतो. म्हणजे निर्णय घरातच घ्यायचा आहे.

आधी नावाचा गैरसमज काढून टाकू. सॉफ्टबॉलमध्ये सॉफ्ट असं काही नसतं. बारा वर्षांखालच्या मुली १२ इंच घेराचा चेंडू खेळतात, तो साधारण १८० ते २०० ग्रॅमचा. दहा वर्षांखालच्या मुलींचा ११ इंची चेंडूसुद्धा १७० ग्रॅमच्या आसपास असतो. पुरुषांच्या क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे आपली दहा वर्षांची पोर सीझन बॉलपेक्षा जड चेंडू अडवत असते.

आता अंतर बघा. सॉफ्टबॉलच्या दोन बेसमध्ये ६० फूट असतात, मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये ९०. बारा वर्षांखालची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होम प्लेटपासून (बॅटर उभी असते तिथून) ४० फुटांवरून टाकते, आणि हात सुटेपर्यंत लांब पाऊल टाकून आणखी पुढे आलेली असते, साधारण ३५ फुटांवर. चेंडू बॅटवरून ताशी ६० मैलांनी सुटला तर तो सेकंदाला ८८ फूट जातो. ३५ फुटांना ०.४ सेकंद. त्यातला जवळजवळ पाव सेकंद डोळ्यांनी बघून हात हलवायला सुरुवात करण्यातच जातो. उरलेल्या वेळात ग्लव्ह चेहऱ्यापर्यंत आणायचा, तोही पिच टाकून एका पायावर तोल जात असताना.

म्हणून माझ्या यादीत पहिली पिचर. दुसरी थर्ड बेस. ती बंटच्या (बॅट आडवी धरून चेंडू नुसता जवळ टेकवण्याच्या) भीतीने पुढे सरकते, आणि नेमका तिथेच घात होतो. बॅटर बंटसारखी बॅट आडवी धरते, थर्ड बेसवाली दोन पावलं आत धावते, आणि ऐनवेळी बॅट मागे नेऊन ती पूर्ण ताकदीने हाणते. माझी लेक अशा वेळी बॅटरपासून मोजून ३८ फुटांवर होती. मोजलं कारण मी मोजणारी बाई आहे. इनिंग संपल्यावर पावलं टाकून आले. तिसरी फर्स्ट बेस, तिथेही बंटला पुढे यावंच लागतं. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली) आणि सेकंड बेसला अंतर जास्त मिळतं, पण खराब टप्प्याला अंतराशी देणंघेणं नसतं, माझा दात साक्षीला आहे. आउटफिल्डला, म्हणजे मागच्या मोकळ्या भागात, मी आग्रह धरत नाही. तिथे उंच चेंडू, ऊन आणि लांब धाव. मास्क नको वाटला तर काढू दे.

वडिलांना व्हिडिओ कॉलवर नात मास्क घातलेली दाखवली तर म्हणाले, "एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा राहायचा, माहितीये? २७ कसोटींत ५३ झेल!" मी म्हटलं, "आप्पा, रमण लांबा आठवतो?" १९९८ मध्ये ढाक्यात एका क्लब सामन्यात लांबा शॉर्ट लेगला उभा होता. ओव्हरचे तीनच चेंडू राहिलेत म्हणून त्याने हेल्मेट घेतलं नाही असं सांगतात. डोक्याला चेंडू लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घाल बाई पोरीला ते जाळीचं."

आता दुकानात. मास्क मुख्यतः दोन तऱ्हांचे असतात. एक तारेच्या जाळीचा, स्टीलचा किंवा हलक्या धातूचा. दुसरा पारदर्शक किंवा रंगीत पॉलिकार्बोनेटचा. आम्ही पहिल्यांदा पारदर्शक घेतला, कारण पोरीला "चेहरा दिसायला" हवा होता. मे महिन्यातल्या टेक्सासच्या उकाड्यात तो आतून वाफाळला, ओरखडे पडले आणि दोन महिन्यांत तो तिच्या बाहुलीच्या टोपलीत गेला. दुसऱ्या वर्षी जाळीचा घेतला. स्टीलचा स्वस्त असतो पण थोडा जड, आणि जड मास्क मान वळवताना मागे राहतो. मुलीने डोकं झटकन डावीकडे-उजवीकडे वळवून बघावं. मास्क डोक्यासोबत वळला पाहिजे, अर्धा क्षण उशिरा नाही.

दुकानात जाताना तिचा खेळायचा चेंडू बरोबर न्या. मास्क हातात धरून डोळ्यांसमोरच्या मोकळ्या जागेत तो चेंडू दाबा. आत घुसून चेहऱ्याच्या जागेपर्यंत पोचत असेल तर तो मास्क परत ठेवा, रंग कितीही गोड असो. नंतर मास्क घालून नाक आणि सळी यांच्यात तुमची दोन बोटं आडवी जातात का बघा. सळी नाकाला टेकत असेल तर मार बसल्यावर तीच सळी नाकावर आपटेल. हनुवटी तिच्या खोबणीत नीट बसली पाहिजे. पुढच्या वर्षी मापाला येईल म्हणून मोठा घ्यायचा मोह आपल्या सगळ्यांना होतो. शाळेच्या बुटांच्या बाबतीत खुशाल करा, इथे नको.

चष्मा असेल तर काचेचा चष्मा मास्कच्या आत घालू देऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा खेळाचा चष्मा करून घ्या आणि मास्कची मापं तो घालूनच बघा.

पट्टे ही खरी गोम. एक चूक माझीच सांगते. मास्क डोक्याला आवळतो म्हणून लेक कुरकुरत होती, म्हणून मी मागचे पट्टे सैल केले. पुढच्याच सामन्यात ती खाली वाकली आणि मास्क वर सरकून खालची सळी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आली. चेंडू पायांमधून गेला, दोन धावा गेल्या, आणि कोचने माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याच्या बाटलीत तोंड घातलं. तेव्हापासून घरीच तपासते: तिने खाली वाकून ग्लव्ह जमिनीला लावायचा, डोकं जोरात नाही-नाही हलवायचं, मग आकाशाकडे बघायचं. तिन्ही वेळी मास्क जागचा हलता कामा नये. खालचा पट्टा पोनीटेलच्या खालून आणि वरचा वरून घ्या. म्हणजे वेणी कुठे घालायची हे मास्क घालण्याआधी ठरवावं लागतं. आमच्या घरी शनिवारी सकाळी सगळ्यात मोठी लढाई तीच. लांब पुढ्याची टोपी मास्कशी भांडते, हेअरबँड बरा. सनस्क्रीन कपाळाला आणि हनुवटीला पातळच लावा, नाहीतर पॅड घसरतात.

"मास्कने दिसत नाही" ही तक्रार खोटी नाही. खालच्या बाजूचं थोडं दिसणं खरंच कमी होतं. पण त्यावर उपाय आहे. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं घरातच घालून वावरू द्या, होमवर्कही त्यातच होऊ दे. मग अंगणात टेनिस बॉल जमिनीवरून सोडा, हळू, सरळ तिच्याकडे. चेंडू ग्लव्हमध्ये शिरताना दिसायला हवा तर हनुवटी छातीकडे न्यावीच लागते. आमचे सर हेच ओरडून सांगायचे, "नाक चेंडूच्या मागे!" मान वर करून चेंडू चुकवायची पोरींची सवय मास्कमुळे लपत नाही, उलट चटकन उघडी पडते. तिसऱ्या आठवड्यापासून खरा चेंडू घ्या, आणि मुद्दाम आखूड टप्प्याचे टाका. उंच झेलांचा सराव वेगळा करा, कारण वर बघताना सळी मध्ये येते आणि पहिले चार-पाच झेल सुटतातच. ते सामन्यात सुटण्यापेक्षा अंगणात सुटलेले बरे.

कोच "मी तर कधी नाही घातला" म्हणाले तर वाद घालू नका. मी एवढंच म्हटलं, "मीही नाही घातला," आणि दात काढून दाखवला असता, पण तो पक्का बसवलाय. पोरींना पटवायला आई उपयोगी नाही. ओक्लाहोमा सिटीतली विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजच्या मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा, टीव्हीवर लावून द्या. थर्ड बेसवर आणि पिचरच्या जागी मास्क घातलेल्या कितीतरी खेळाडू तिथे दिसतात. माझ्या लेकीचा विरोध त्या एका संध्याकाळी संपला. दुसऱ्या दिवशी तिने मास्कला जांभळी टेप गुंडाळली.

गेल्या दिवाळीत जळगावला जाताना भाचीच्या संघासाठी बॅगेत चार मास्क नेले. तिथल्या एका ताईंनी विचारलं, क्रिकेटचं हेल्मेट चालेल का? धावून, वाकून ग्राउंडर उचलायला ते जड आणि गरम पडतं. पण अगदी जवळून बंटचा सराव घेताना काहीच नसण्यापेक्षा ते घाला, असं मी सांगितलं. आणि तुमचं मैदान मुरमाचं असेल तर सरावाआधी सगळ्या पोरींनी ओळीने चालत खडे वेचा. पाच मिनिटं लागतात.

मास्क कशाला पुरा पडत नाही, तेही माहीत असू द्या. कानशिलं आणि डोक्याचा मागचा भाग उघडाच राहतो. मेंदूला बसणारा हादराही मास्क थांबवतो असं समजू नका. चेंडू मास्कवर आदळल्यावर पोर गोंधळलेली दिसली, डोकं दुखतंय, मळमळतंय किंवा उजेड सहन होत नाही म्हणाली, तर त्या दिवशी ती पुन्हा मैदानात जाणार नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. डोळ्याजवळ लागून एकाचे दोन दिसत असतील तर थेट इमर्जन्सीत. सळी वाकली किंवा जोडाजवळ चीर दिसली तर मास्क फेकून द्या. घरी ठोकून सरळ करू नका. आमच्या यजमानांनी ते एकदा करून बघितलंय.

दात मुळापासून निखळला तर तो पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, घासू तर अजिबात नका. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा. पक्का दात असेल आणि पोर शुद्धीत, शांत असेल तर जागच्या जागी हलकेच बसवा. नाही जमलं तर दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्ट गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. म्हणून माझ्या कूलरमध्ये ज्यूसच्या शेजारी दुधाचा एक छोटा डबा कायम असतो. बाकीच्या आया विचारतात, कॉफी करणार आहेस का?