अकूस्टिक टेस्टिंगला येताय? मग ओव्हरऑल डीबीवर भाळू नका

अकूस्टिक टेस्टला, म्हणजे रॉकेटच्या उड्डाणातला आवाज उपग्रह सोसतो का ते जमिनीवर तपासायच्या कामाला, पोस्टिंग मिळालं की बहुतेकांचा चेहरा पडतो. डिझाइनला गेलेला बॅचमेट 'उपग्रह बनवतो' आणि आपण 'मोठा आवाज लावतो'! माझंही तोंड बरेच महिने वाकडंच होतं. पण मार्च २०२३ मध्ये चांद्रयान-३ बंगळुरूत याच टेस्टमधून गेलं आणि मगच श्रीहरिकोट्याची वाट धरली, एवढं लक्षात असू द्या.

रिव्हर्बरंट चेंबर (आवाज घुमवणारी बंद खोली), नायट्रोजनवर चालणारे हॉर्न, वन-थर्ड ऑक्टेव्ह बँड (फ्रिक्वेन्सीचे अरुंद पट्टे) हे सगळं तुम्ही वाचूनच आला असाल. मला ज्याने छळलं तेवढंच सांगतो.

कंट्रोल रूममध्ये सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर असतात, ओव्हरऑल डीबी, म्हणजे सगळ्या बँडचा मिळून डेसिबलमधला आवाज. समजा स्पेक (ठरलेली पातळी) १४४चा आहे आणि स्क्रीनवर १४४ दिसतंय. सगळे खूश. आता ४० हर्ट्झच्या बँडमध्ये हवेत १२५ आणि प्रत्यक्षात गेले १३१. ओव्हरऑल कितीने वाढेल? जेमतेम ०.१६ डीबी! टॉलरन्समध्ये आरामात बसतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ६ डीबी म्हणजे त्या बँडमध्ये दाब दुप्पट. सोलर पॅनलचा मोड (ज्या फ्रिक्वेन्सीला ते सगळ्यात जोरात थरथरतं ती) नेमका तिथेच असेल तर पॅनलने मुकाट्याने दुप्पट मार खाल्लेला असतो. उलटही होतं. बँड ६ने कमी पडतो, ओव्हरऑल जागचा हलत नाही, आणि टेस्ट 'पास' होते, खरं तर न होताच. डीबी लॉगरिदमिक आहे हे आपल्याला कॉलेजपासून पाठ असतं, पण चालू टेस्टमध्ये ते आठवत नाही. म्हणून दर वेळी बँडचा प्लॉट बघा, आकडा नंतर.

खालच्या बँडमध्ये दोन माइक वेगवेगळं सांगू लागले तर घाबरू नका. तिथे खोलीचेच मोड मोजके असतात, त्यामुळे जागेप्रमाणे फरक पडणारच. तुमचं काही चुकलेलं नाही. मात्र सरासरी एनर्जीचीच काढा. १३० आणि १४० ची सरासरी १३५ नव्हे, १३७.४ येते.

मागच्या मिशनची प्रोसिजर कॉपी-पेस्ट करायला सांगणारे सिनियर भेटतील. माणसं चांगली असतात, चहाही पाजतात. या बाबतीत त्यांचं ऐकू नका. फुल लेव्हलनंतरचा लो-लेव्हल रन (कमी आवाजात पुन्हा घेतलेली टेस्ट) 'वेळ नाही' म्हणून गाळणाऱ्यांचं तर मुळीच नाही. फुल लेव्हलच्या आधीच्या आणि नंतरच्या लो-लेव्हल रनमधला थरथरीचा कर्व्ह एकावर एक ठेवल्यावर पीक सरकलेला दिसला, तर आत काहीतरी सैल झालंय. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या सनशील्डच्या (उन्हापासून वाचवणाऱ्या पडद्याच्या) कव्हरचे स्क्रू आणि वॉशर २०१८ मध्ये अकूस्टिक टेस्टनंतरच निखळलेले सापडले. नाचक्की झाली खरी, पण जमिनीवर झाली.

आणि एक. आवाज थांबला म्हणून चेंबरमध्ये धावू नका. आत नायट्रोजन असतो, त्याला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही, माणूस सरळ कोसळतो. ऑक्सिजन मीटर नॉर्मल दाखवेपर्यंत कोणी कितीही घाई केली तरी दाराबाहेरच थांबा.

पहिल्या टेस्टला बँडचा प्लॉट समोर दिसेल अशी खुर्ची आधीच पकडून ठेवा. नवख्याला ती आपणहून कोणी देत नाही.