भाड्याच्या खोलीत उंच पलंग: आधी माप, मग मांडणी

भाड्याच्या लहान खोलीत सर्वांत जास्त जमीन पलंग अडवतो. एका माणसाची गादी साधारण ९० सेंमी रुंद आणि १९० ते २०० सेंमी लांब असते. म्हणजे अडीच मीटर बाय तीन मीटरच्या खोलीतली जवळजवळ पाव जमीन ज्या वस्तूखाली जाते, तिचा दिवसभरात काहीच उपयोग होत नाही. हाच पलंग उंच पायांवर उचलला, तर त्याच्याखाली टेबल-खुर्ची, कपड्यांची मांडणी किंवा पुस्तकांची कपाटे बसतात आणि खोलीत वावरायला जागा उरते. मात्र उंच पलंग हे नुसते फर्निचर नसून खोलीच्या आत उभारलेले एक छोटे बांधकामच असते, आणि भाडेकरूला ते भिंतीला हात न लावता उभारायचे असते व जाताना मागे खूण न ठेवता उतरवायचे असते. म्हणून पलंग पसंत करण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

पहिले माप जमिनीपासून छतापर्यंतचे. ते खोलीच्या मध्यभागी न घेता पलंग जिथे उभा राहणार त्याच कोपऱ्यात घ्यावे, कारण तुळई, पोटमाळा किंवा उतरते छत असेल तर तिथली उंची बरीच कमी भरते. दुसरे माप स्वतःचे. भिंतीला टेकून जमिनीवर ताठ बसावे आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतचे अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावे. प्रौढ माणसात ते बहुधा ८० ते ९५ सेंमीच्या दरम्यान असते. गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून छतापर्यंत एवढी आणि वर चार-पाच सेंमी मोकळी जागा ठेवली, तरच अंथरुणात उठून बसता येते. ही जागा कमी पडली की माणूस रोज सकाळी वाकून आणि सरपटत खाली उतरतो, आणि काही आठवड्यांतच पलंगाचा कंटाळा येतो.

आता वजाबाकी करावी. छत २७० सेंमी उंच आहे आणि वर ९५ सेंमी हवे आहेत, असे धरू. गादीचा वरचा भाग १७५ सेंमीवर येतो. त्यातून गादीची जाडी १२ सेंमी आणि चौकटीची ८ सेंमी वजा केली, की पलंगाखाली १५५ सेंमी उरतात. एवढ्या जागेत बहुतेक प्रौढांना ताठ उभे राहता येत नाही, पण खुर्चीवर आरामात बसता येते, कारण खुर्चीची बैठक ४५ सेंमीच्या आसपास आणि तिच्यावर बसलेल्या माणसाची उंची ९० सेंमी धरली, तरी बेरीज १३५ होते. छत ३०० सेंमी असेल तर खाली १८५ सेंमी मिळतात आणि बहुतेकांना उभे राहूनही वावरता येते. छत २४० सेंमीच असेल तर मात्र खाली जेमतेम १२५ सेंमी उरतात. अशा खोलीत टेबल खाली कोंबण्याचा हट्ट धरू नये. मध्यम उंचीचा पलंग घेऊन त्याच्याखाली खण, पेट्या आणि बुटकी कपाटे ठेवावीत व टेबल खिडकीपाशी मांडावे. खाली काय करायचे आहे हे आधी ठरवावे आणि पलंगाची उंची त्यावरून ठरू द्यावी. हा क्रम उलटला की वरची जागाही अपुरी पडते आणि खालचीही.

कागदावरच्या मापावर पूर्ण विसंबू नये. पलंगाचा आकार जमिनीवर खडूने किंवा कागदी चिकटपट्टीने आखावा, शिडीची जागाही आखावी, आणि दोन दिवस त्या रेषा टाळून वावरून पाहावे. खोलीचे दार पूर्ण उघडते का, कपाटाचे दार शिडीला अडते का, खिडकी उघडायला हात पोहोचतो का, विजेची बटणे पलंगाच्या पायामागे जातात का, हे सगळे या दोन दिवसांत समजते. जिन्याचे वळण आणि दाराची रुंदीही मोजून ठेवावी. सुटे भाग जोडून उभा राहणारा पलंग असला, तरी त्याच्या लांब आडव्या पट्ट्या दोन मीटरच्या असतात आणि अरुंद वळणावर त्या नेमक्या अडकतात.

छताला पंखा असेल तर इथे थांबून नीट विचार करावा, कारण उंच पलंगाच्या बाबतीत मला सर्वांत मोठा धोका हाच वाटतो. पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर बसून हात पूर्ण लांबवला, तरी तो पात्यांपर्यंत पोहोचता कामा नये. झोपलेल्या माणसाचे अंतर मोजून समाधान मानू नये. चादर झटकताना, सदरा काढताना किंवा अर्धवट झोपेत उठताना हात कुठवर जातो, ते पाहावे. लहान खोलीत हे अंतर मिळत नसेल, तर घरमालकाच्या संमतीने तो पंखा उतरवून घ्यावा आणि जमिनीवरचा उभा पंखा किंवा चौकटीला चिमट्याने लागणारा छोटा जाळीदार पंखा वापरावा. गरम हवा वर चढत असल्याने छताजवळ उकाडा जास्त जाणवतो, त्यामुळे वर वाऱ्याची सोय हवीच. छतावर थेट ऊन पडणाऱ्या सर्वांत वरच्या मजल्यावर तर थोडा बुटका पलंग पत्करणे अधिक शहाणपणाचे.

घरमालकाशी बोलणे खरेदीच्या आधी व्हावे, आणि शक्य तर लेखी. पलंग स्वतःच्या पायांवर उभा राहील, भिंतीला भोक पडणार नाही आणि जाताना तो काढून नेला जाईल, एवढे स्पष्ट सांगितले की बहुतेक शंका मिटतात. त्याच दिवशी फरशी, भिंती आणि छत यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. ज्या पलंगाला भिंतीत बोल्ट मारणे बनवणाऱ्याने आवश्यक ठरवले आहे, तो पलंग भिंतीत न अडकवता वापरू नये. परवानगी मिळत नसेल तर स्वतंत्र उभा राहणाराच निवडावा.

पलंग निवडताना रंगापेक्षा सांध्यांकडे पाहावे. चार पट्ट्यांचा आयत बोल्टने कितीही आवळला, तरी बाजूने ढकलल्यावर तो तिरका होऊ पाहतो. त्रिकोण तसा होत नाही. म्हणून मागच्या आणि डोक्याकडच्या बाजूला कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरपी पट्टी, किंवा तिच्याऐवजी घट्ट बसवलेली प्लायवुडची पाठ असलेला पलंग घ्यावा. ती नसेल तर पलंग कितीही जाड लोखंडाचा असला, तरी कूस बदलताना डुगडुगतो. वजनाची मर्यादा वाचताना त्यात गादी, अंथरूण-पांघरूण आणि कधीतरी वर येऊन बसणारा दुसरा माणूसही धरावा. लोखंडी चौकट करकरत असेल तर सांध्यांमध्ये फेल्टच्या किंवा नायलॉनच्या चकत्या घालाव्यात, आवाज बराच कमी होतो.

गादी पातळ असावी, १० ते १५ सेंमीची. यामागे जागेपेक्षाही कठड्याचा प्रश्न आहे. कठड्याची उंची गादीच्या वर किती उरते, तेवढाच त्याचा उपयोग. चौकटीपासून ३० सेंमी उंच असलेला कठडा १२ सेंमीच्या गादीवर १८ सेंमी उरतो, पण २० सेंमीची जाड गादी टाकली की तोच १० सेंमीवर येतो आणि झोपेत लोळणाऱ्या माणसाला अडवू शकत नाही. अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांत कठडा गादीच्या वर किमान ५ इंच, म्हणजे सुमारे १३ सेंमी, असावा असे आहे. प्रौढांसाठी मी २० सेंमीपेक्षा कमी घेणार नाही. गादीखाली सलग फळीऐवजी पट्ट्या असाव्यात, कारण खालून हवा न खेळल्यास गादीला ओल धरते आणि बुरशी येते. पट्ट्यांमधले अंतर सात-आठ सेंमीपेक्षा जास्त नसावे.

शिडीकडे बहुतेक जण शेवटी पाहतात, आणि रोजचा त्रास मात्र तिथेच होतो. गोल दांड्यांची सरळ उभी शिडी कमी जागा घेते, पण अनवाणी तळव्यांना बोचते आणि उतरताना पायरी दिसत नाही. थोडी तिरपी आणि सपाट, रुंद पायऱ्यांची शिडी घ्यावी. वर पोहोचल्यावर धरायला गादीच्या पातळीच्या वर येणारी मूठ हवी. खण असलेला जिना सर्वांत सोपा असतो, मात्र त्याला अर्धा मीटर रुंदीची जमीन लागते, तेव्हा ते खण कपाटाची जागा घेत असतील तरच तो परवडतो. रात्री अनेकदा उठावे लागणाऱ्यांनी, गुडघेदुखी, चक्कर किंवा फिट्स असणाऱ्यांनी आणि झोपेत चालणाऱ्यांनी उंच पलंग घेऊच नये. सहा वर्षांखालील मुलांना तर वर झोपवूच नये.

जोडणीला दोन माणसे लागतातच. सगळे बोल्ट आधी सैलसर बसवावेत, चौकट काटकोनात आणि समपातळीत आली आहे हे पाहावे आणि मगच ते पान्याने आवळावेत. एक कोपरा आधीच घट्ट केला तर शेवटचा बोल्ट भोकात बसत नाही. पायांखाली दहा सेंमी चौरस लाकडी तुकडे ठेवावेत, म्हणजे भार पसरतो आणि फरशी तडकत नाही. विनाइलच्या फरशीवर रबर थेट टेकवू नये, त्याचे काळपट डाग निघत नाहीत. पलंग दोन भिंतींच्या कोपऱ्यात सरकवून, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फेल्टची पट्टी लावावी, म्हणजे रंग खरवडला जात नाही. पलंग आणि भिंत यांच्यात माणूस अडकेल अशी फट राहू देऊ नये. वापर सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासावेत. लाकूड ऋतूप्रमाणे आक्रसते आणि फुगते, तेव्हा लाकडी पलंगाला याची गरज अधिक असते.

पलंगाखालच्या जागेचा मुख्य दोष अंधार हा आहे. टेबलाची उघडी बाजू खिडकीकडे करावी, लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडणार नाही अशा बाजूला दिवा ठेवावा, आणि पलंगाच्या खालच्या चौकटीला एलईडीची पट्टी लावावी. मागची भिंत फिकी ठेवली तर उजेड परततो. कपडे टांगायचे असतील तर दांडीला साठ सेंमी खोल जागा लागते, म्हणून ती पलंगाच्या आखूड बाजूला घ्यावी आणि लांब बाजू टेबलाला द्यावी. पूर्ण लांबीचा पडदा लावून जागा बंद करण्याचा मोह होतो, पण त्याने हवा कोंडते. पडदा फक्त कपड्यांपुरता असावा. विजेची तार पलंगाच्या पायाला पट्ट्यांनी बांधून वर न्यावी, जोडबोर्ड लोंबकळत ठेवू नये आणि फोन उशीखाली चार्ज करू नये. आग लागल्यास धूर आधी छताशी साठतो, म्हणजे वर झोपलेल्याच्या नाकातोंडात तो सर्वांत आधी जातो. त्यामुळे पलंगाखाली मेणबत्ती किंवा हीटर कधीच नको, आणि खोलीत धुराची सूचना देणारे यंत्र जरूर असावे.

जोडणीच्या दिवशीच प्रत्येक सांध्याच्या दोन्ही भागांवर कागदी चिकटपट्टीने एकच आकडा लिहून ठेवावा, आणि उरलेले बोल्ट व पाना एका पिशवीत घालून ती पिशवी चौकटीला बांधावी. खोली सोडताना आधी गादी, पट्ट्या, शिडी आणि कठडा काढावा. तिरप्या पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी दोन्ही टोकांना माणसे उभी असावीत, कारण त्या सुटताच उंच चौकट एका बाजूला कलते. सगळे भाग बाहेर नेल्यावर फरशी पुसून, पहिल्या दिवशीच्या छायाचित्रांशी ताडून नवी छायाचित्रे घ्यावीत आणि ती किल्लीसोबतच घरमालकाला दाखवावीत.