सिलिकेट शिकायचंय? सोलापुरातच सुरुवात करा

भूरसायनशास्त्राकडे वळणारी मुलं पहिल्यांदा हेच विचारतात, "सिलिकेट म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनवर उभ्या असलेल्या खनिजांची एवढी सूत्रं पाठ कशी करायची?" पाठ करूच नका. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं प्रमाण तेवढं वाचायला शिका. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, हा झाला चतुष्फलक. तो सुटा राहिला की ऑलिव्हिन (१:४), दोन कोपरे शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतले की पायरोक्सीनची साखळी (१:३), तीन वाटले की अभ्रकाचे आणि चिकणमातीचे थर (२:५), चारही वाटले की क्वार्ट्झ (१:२). फेल्डस्पारची बांधणीही या शेवटच्याच प्रकारातली, फक्त काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं. त्यामुळे उरणारा ऋण प्रभार कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम भरून काढतात.

पुढचं शिकायला आपल्याकडे प्रयोगशाळा उघड्यावरच आहे. सोलापूरच्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे. नवी खोदलेली विहीर दिसली की ती खालून वर वाचा. तळाला काळा घट्ट पाषाण, वर कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, मग मुरूम, मग काळी. असा एखादा धोंडा फोडून बघाच. बाहेरचा तपकिरी पापुद्रा बोटानं चुरगळतो, आतला गाभा हातोड्यालाही दाद देत नाही. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हायड्रोजन आयन मिळतात आणि ते प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारमधल्या कॅल्शियम-सोडियमला हुसकावतात. पायरोक्सीनमधलं लोह ऑक्सिजनशी संयोग पावतं, तपकिरी रंग त्याचाच. सुटलेली सिलिका सिलिसिक आम्ल होऊन पाण्यात उतरते.

ती पुढे कुठे जाते, हे मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. कोकणातल्या धुवांधार पावसात ती वाहून जाते. मागे केओलिनाइट हे चिकणमातीचं खनिज आणि जांभा उरतो. सोलापुरात पाऊसच तुटपुंजा. सिलिका आणि मॅग्नेशियम जागीच राहतात आणि स्मेक्टाइट हे चिकणमातीचं दुसरं खनिज तयार होतं. त्याचे थर एकमेकांना सैल धरतात, म्हणून पाणी आत शिरून माती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कॅल्शियमही पुरतं निघून जात नाही, त्याची चुनखडी होते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी रब्बीत साठलेल्या ओलीवर पिकते, ती याच मातीच्या जोरावर.

शिवारात जाताना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपर-बाटली आणि भिंग जवळ असू द्या. चुनखडीवर थेंब टाकला की लगेच फसफसतं. पुढे एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर मोजून खनिज ओळखणं, करायला मिळालं तर नमुन्याला ग्लायकॉल देऊन पुन्हा मोजायची चाचणी चुकवू नका. स्मेक्टाइटचं १४-१५ अँगस्ट्रॉमचं शिखर १७ च्या आसपास सरकतं, क्लोराइट या दुसऱ्या थरांच्या खनिजाचं हलत नाही.

नोकरीचं म्हणाल तर माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात केमिस्टचीही पदं भरतात. बऱ्याच जणांना ती फक्त जिऑलॉजीवाल्यांची परीक्षा वाटते आणि ते अर्जच भरत नाहीत.