लोह नायट्राइडची फिल्म वाढवण्याआधीची तयारी

ही यादी स्पटरिंगने, म्हणजे निर्वात चेंबरमध्ये प्लाझ्मातील आयनांच्या माऱ्याने लोहाच्या तबकडीतून (टार्गेट) अणू उडवून ते नायट्रोजनसह स्फटिकाच्या तुकड्यावर (सबस्ट्रेट) बसवून, लोह नायट्राइडचा पातळ थर (फिल्म) वाढवणाऱ्यासाठी आहे. यादीतले पहिले काम कागदावरचे आहे : नेमकी कोणती फेज (ठराविक प्रमाणाचे व रचनेचे रूप) हवी, हे ठरवून वहीत लिहिणे. लोह नायट्राइड हे एकच संयुग नाही. नायट्रोजनचे प्रमाण शेकडा ११ अणूंच्या आसपास असेल तर अल्फा-डबल-प्राइम, २० असेल तर गॅमा-प्राइम, २५ च्या आसपास एप्सिलॉन, ३३ च्या जवळ झीटा आणि ५० ला लोह-नायट्रोजन समसमान असलेली फेज मिळते. अल्फा-डबल-प्राइमची रचना के. एच. जॅक यांनी १९५१ मध्ये मांडली आणि १९७२ मध्ये किम व ताकाहाशी यांनी तिच्या असाधारण चुंबकनाचा दावा केल्यापासून तिचे आकर्षण कायम आहे. पण ती २०० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही आणि शुद्ध स्वरूपात क्वचितच हाती लागते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने गॅमा-प्राइम निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढची सर्व तयारी तीच गृहीत धरून लिहिली आहे. तिचा घन एकक कोष (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान घन) ३.७९५ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) असून लोहाचे अणू कोपऱ्यांवर व पृष्ठांच्या मध्यभागी, तर नायट्रोजनचा अणू कोषाच्या मधोमध बसतो.

त्यानंतर सबस्ट्रेट मागवावेत, आणि येथे घाई करू नये. लँथेनम ॲल्युमिनेटचा छद्मघन (घन मानून धरलेला) कोष ३.७९ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे गॅमा-प्राइमशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा, त्यामुळे त्यावर थर उत्तम वाढतो; पण याच जुळणीमुळे एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तनात; अणूंच्या पातळ्यांवरून किरण ठराविक कोनात परतून आलेखात शिखरे उमटतात, कंसातले आकडे ती पातळी सांगतात) थराचे (२००) शिखर सबस्ट्रेटच्या शिखराखाली दडते, कारण तांब्याच्या नळीतून निघणाऱ्या के-अल्फा क्ष-किरणांना दोन्ही ४८ अंशांच्या आसपासच दिसतात. मॅग्नेशियम ऑक्साइडचा कोष ४.२१२ अँगस्ट्रॉमचा आहे, जुळणी सुमारे १० टक्क्यांनी चुकते, तरीही त्यावर थराची शिखरे स्वच्छ वेगळी दिसतात. विशेष म्हणजे २३.४ अंशांवरचे (१००) शिखरही दिसते. नायट्रोजन आपल्या जागी शिस्तीत बसला आहे का, हे हेच शिखर सांगते, आणि मॅग्नेशियम ऑक्साइडला त्या जागी स्वतःचे शिखर नसते. म्हणून प्रत्येक रनमध्ये (थर वाढवण्याच्या एका फेरीत) दोन्हींचा एकेक तुकडा शेजारी शेजारी बसवावा : एक वाढीसाठी, दुसरा वाचनासाठी. सिलिकॉन स्वस्त असला तरी तापवल्यावर लोह त्याच्याशी सिलिसाइड बनवते, तेव्हा तो फक्त जाडी मोजण्यासाठी ठेवावा.

मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतील दमट वाफ शोषून पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड धरतो. जून ते सप्टेंबर या काळात पुण्यातल्या हवेत उघडा राहिलेला तुकडा वापरू नये. सीलबंद पाकीट रनच्या दिवशीच फोडावे, उरलेले तुकडे नव्याने भाजलेल्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावेत. धुण्यासाठी ॲसिटोन व आयसोप्रोपेनॉल वापरावे, पाणी मुळीच नाही. चिमटा प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा हवा, कारण पोलादी चिमट्याचा कडेला राहिलेला एखादा कणही पुढे मॅग्नेटोमीटरमध्ये (चुंबकन मोजणाऱ्या यंत्रात) थराइतका संकेत देऊ शकतो.

चेंबरचा बेस प्रेशर (वायू सोडण्यापूर्वीचा दाब) १० चा उणे ७ वा घात टॉर (दाबाचे एकक) किंवा त्याहून खाली गेल्याशिवाय पुढे सरकू नये. उणे ६ व्या घाताला उरलेल्या वायूचा एक पूर्ण अणुथर बसायला साधारण एक सेकंद लागतो; थराची वाढ सेकंदाला अँगस्ट्रॉमभर असेल, तर लोहाबरोबर पाण्याची वाफही जवळजवळ बरोबरीने येऊन आदळते, आणि लोहाला नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन कितीतरी अधिक प्रिय आहे. चेंबर रात्रभर पंप करावा, भिंती तापवून घ्याव्यात. आर्गॉन व नायट्रोजन दोन्ही ९९.९९९ टक्के शुद्धतेचे असावेत, आणि सिलिंडर बदलल्यावर वायुनलिका अनेकदा रिकामी करून भरावी.

लोहाचे टार्गेट स्वतःच चुंबकीय असल्याने ते मॅग्नेट्रॉनचे (टार्गेटमागे चुंबक बसवलेल्या गनचे) क्षेत्र आपल्यातच ओढून घेते आणि प्लाझ्मा पेटत नाही. यासाठी टार्गेट एक मिलिमीटरच्या आसपासच जाडीचे घ्यावे किंवा अधिक ताकदीचे चुंबक असलेली गन वापरावी. शटर (टार्गेट व सबस्ट्रेटमधले झाकण) बंद ठेवून आधी नुसत्या आर्गॉनच्या माऱ्याने टार्गेट घासून काढावे, मग ठरलेले नायट्रोजन मिश्रण सोडून टार्गेटचे व्होल्टेज स्थिर होईपर्यंत थांबावे. नायट्रोजनचे प्रमाण नेहमी एकाच दिशेने, कमीकडून जास्तीकडे न्यावे. मास फ्लो कंट्रोलरवरचा (वायूचा प्रवाह ठरवणाऱ्या साधनावरचा) आकडा एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेऊ नये; पंपाचा वेग आणि चेंबरचा आकार बदलला की फेजही बदलते. म्हणून पहिली मालिका फक्त प्रवाह बदलून करावी, ४४.७ अंशांवरचे लोहाचे शिखर कुठे संपते आणि एप्सिलॉनची शिखरे कुठे सुरू होतात हे पाहावे, आणि मधल्या अरुंद पट्ट्यातच काम करावे.

हीटरवरचा आकडा म्हणजे सबस्ट्रेटचे तापमान नव्हे. सबस्ट्रेटच्या जागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) लावून एकदा तक्ता तयार करावा आणि सुरुवात ३५० अंशांच्या आसपास करावी. लोह-नायट्रोजन बंध दुबळा असल्यामुळे तापमान फार चढवले तर नायट्रोजन निसटतो आणि नुसते लोह उरते. याच कारणाने वरचे संरक्षक आवरण थर पूर्ण थंड झाल्यावरच द्यावे. तापलेल्या थरावर टाकलेले ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम खालचा नायट्रोजन ओढून घेते.

रनचा वार ठरवताना गुरुवार टाळावा. पुण्यात वीज आणि पाणी यांची दुरुस्ती बहुधा त्याच वारी निघते, आणि चिलरचे (यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणी फिरवणाऱ्या साधनाचे) पाणी थांबले तर गन व टर्बो पंप दोन्ही धोक्यात येतात. चिलर यूपीएसवर आहे का आणि वीज गेल्यावर गेट व्हॉल्व्ह (चेंबर व पंप यांमधली झडप) आपोआप मिटतो का, हे प्लाझ्मा पेटवण्याआधी मुख्य स्विच बंद करून प्रत्यक्ष तपासावे.

मोजमापाची वेळही आधीच घेऊन ठेवावी. तांब्याच्या किरणांनी लोह स्वतः प्रकाशू लागते आणि पार्श्वभूमी चढते. डिटेक्टरपुढे मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण पुढे सोडणारे साधन) आहे का ते विचारावे, नसल्यास कोबाल्टची नळी असलेले यंत्र शोधावे. मोसबाउअरची (लोहाची अणुकेंद्रे गॅमा किरण कसे शोषतात ते पाहणाऱ्या चाचणीची) सोय झाली तर दोन उपवर्णपट अपेक्षित आहेत : कोपऱ्यातील लोहाचा सुमारे ३४ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आणि पृष्ठमध्यातील लोहाचा सुमारे २१.५ टेस्लाचा, एकास तीन या प्रमाणात. हे प्रमाण मोडून ३३ टेस्लाजवळचा वाटा वाढलेला दिसला, तर थरात मोकळे लोह उरले आहे. नायट्रोजनच्या शोषण-कडेसाठी (क्ष-किरणांचे शोषण जिथे एकदम वाढते ती ऊर्जा) इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) नमुने पाठवायचे असतील, तर त्यांचे तुकडे थर वाढवण्याआधीच कापून ठेवावेत, कारण नंतर कापताना कडेवरचे आवरण तडकते. प्रत्येक डबीवर रन क्रमांक, सबस्ट्रेट आणि चेंबर उघडल्याची तारीख लिहावी.